कर्णामामाचा घसा

माझ्या मामाला हळू बोलता येत नाही. तो प्रयत्न करतो, नाही असं नाही. पण त्याचं कुजबुजणं शेजारच्या तीन घरांत ऐकू जातं आणि चौथ्या घरातली माणसं "काय म्हणाला?" म्हणून तिसऱ्या घरी विचारायला येतात. एकदा मामीने भाजीवाल्याविषयी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मामाने, त्याच्या मते अगदी हळू, उत्तर दिलं. तेव्हापासून तो भाजीवाला आमच्या गल्लीत गाडी आणत नाही. आम्हाला टोमॅटो आणायला बांधापर्यंत चालत जावं लागतं.

आमच्या गावात पूर्वी एक थिएटर होतं आणि त्याची जाहिरात मामा करायचा. तीनचाकी सायकल, दोन्ही बाजूंना पोस्टर, मागे बॅटरी, वर पत्र्याचा मोठा कर्णा आणि हातात माईक. त्या कर्ण्यावरूनच गावाने त्याला कर्णामामा केलं. त्याचं खरं नाव आता पोस्टमनलासुद्धा आठवत नाही. मी त्याची सख्खी भाची, लहानपणापासून त्याच्याच घरी वाढले, त्यामुळे माझी ओळखही गावात "कर्ण्याची भाची" एवढीच.

"आज शेवटचा दिवस!" असं तो ओरडत यायचा. "आज शेवटचे दोन खेळ! आज चुकलात तर जन्मभर हळहळाल! रडवायची जबाबदारी आमची, रुमाल घरून आणा!" आणि मग तोच पिक्चर पुढचे कित्येक आठवडे चालायचा. एका पिक्चरचा शेवटचा दिवस तर आंबे येऊन संपेपर्यंत टिकला होता. याला कोणी खोटं म्हणायचं नाही. उलट गावात तो एक बोलण्याचा प्रकारच झाला. कोणी "उद्यापासून विडी बंद" अशी शपथ घेतली की बाकीचे माना डोलवत म्हणायचे, "हो हो, कर्णामामाचा शेवटचा दिवस!"

मामी त्याच्या अगदी उलट. ती शिवणकाम करते, कमी बोलते, आणि जे बोलते ते टाचणीने टोचल्यासारखं नेमकं लागतं. दोघांचं भांडणसुद्धा बघण्यासारखं असतं. तो बोलत सुटतो आणि ती मशीन चालवत राहते. तो फार चढला की मशीनचा वेग वाढतो. शेवटी मामा थकतो आणि मामीचं एक परकर-पोलकं शिवून तयार असतं.

आता आमच्या देशाविषयी सांगायला हवं. नकाशावर आम्ही नेमक्या अशा जागी बसलोय की समुद्रात कुठेही वादळ उठलं की त्याला आमच्याकडेच मुक्कामाला यायचं असतं. वादळ नसेल त्या वर्षी पूर, आणि दोन्ही चुकलं तर बांध तरी फुटतोच. जगाच्या बातम्यांत आमचं नाव तेवढ्यापुरतं येतं, आणि मग जग मदत पाठवतं. या मदतीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. मोठ्या वादळानंतर आम्ही जो भात खाल्ला, तो कुठल्या शेतात पिकला होता हे मला आजही माहीत नाही, पण तो शिजवताना मामीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी पाहिलंय. हां, त्याच जहाजातून बर्फात घालायचे जाड कोटही आले होते. आमच्याकडे बर्फ फक्त मासळीबाजारात असतो. मामीने हाताने टाके घालून त्या कोटांच्या उशा आणि गाद्या शिवल्या. वस्तीत इतकी मऊ झोप त्याआधी कोणालाही लागली नव्हती. पाठवणाऱ्यांचं भलं होवो.

त्या मोठ्या वादळाने थिएटरचं छप्पर नेलं आणि मामाचं काम गेलं. मामीचं त्याहून वाईट झालं. आम्ही सगळे जीव मुठीत धरून टेकाडावरच्या शाळेत पळालो तेव्हा तिने आपलं शिलाई मशीन ताडपत्रीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलं होतं. ते तिच्या आईचं मशीन. परत आलो तेव्हा मशीनही नव्हतं आणि पलंगही नव्हता. मामी रडली नाही. फक्त कित्येक दिवस ती त्या रिकाम्या जागेसमोर स्टुलावर बसायची आणि तिचे पाय आपोआप वरखाली हलायचे. मला ते बघवायचं नाही.

पुढे परदेशातल्या बायकांच्या कुठल्यातरी मंडळाने वस्तीतल्या शिंपिणींना मशीनं दिली. त्यातलं एक मामीला मिळालं. ते घरात आलं त्या दिवशीच तिने जाहीर केलं, "एकदा सोडून गेले, मशीन गेलं. आता जायचं तर दोघींनी. नाहीतर दोघी इथेच."

"मशीन दुसरं येईल गं!" मामा ओरडला. "जीव दुसरा येतो का?"

मामीने पायडलवर पाय ठेवला आणि एक लांबलचक शिवण घातली.

मशीनांच्या मागोमाग निवारा आला. उंच खांबांवर उभी असलेली पांढरी इमारत, वर मोठा हॉल, खिडक्यांना लोखंडी झडपा आणि गुरांना चढता यावं म्हणून एका बाजूने उतार. तो बांधून घ्यायला मदत करणाऱ्या संस्थेची एक बाई आमच्या वस्तीत राहायला आली. ती दारातून वाकल्याशिवाय आत येऊ शकत नसे, म्हणून आम्ही तिला उंच बाई म्हणायचो. आमची भाषा ती पुस्तकातून शिकली होती. टपरीवरच्या चहावाल्याला ती विचारायची, "आपले भोजन झाले का?" चहावाला इतका ओशाळायचा की हात पुसून, शर्टाचं वरचं बटण लावून मग उत्तर द्यायचा. मला तिच्या ऑफिसात नोकरी लागली. फोन घ्यायचे, तिचं बोलणं लोकांना समजावायचं आणि लोकांचं तिला. यात माझा निम्मा वेळ जायचा आणि उरलेला निम्मा हसू दाबण्यात.

निवारा तयार झाला त्याच वर्षी एक मध्यम वादळ आलं. हॉलमध्ये जमले कोण? चौकीदार, त्याच्या शेळ्या आणि उंच बाई. बाकी सगळे घरीच. कोणाला कोंबड्यांची काळजी, कोणाची सासू हलायला तयार नाही, आणि पुरुषमाणसं म्हणजे "बघू, वारा किती वाढतो ते" म्हणून दारात विडी ओढत उभी. नशीब, वादळ बाजूने निघून गेलं. उंच बाई दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोक्याला हात लावून बसली होती.

"इमारत आहे, रस्ता आहे, झडपा आहेत," ती म्हणाली. "लोकांना कोण बोलावेल?"

मग इशारा देणारी माणसं नेमायचं ठरलं. नारिंगी जाकीट, हातात भोंगा आणि लाल झेंडे. हवामान खात्याकडून निरोप आला की एक झेंडा लावायचा, म्हणजे कान उघडे ठेवा. दोन झेंडे म्हणजे बांधाबांध करा. तीन म्हणजे घर सोडा आणि निवाऱ्यात चला. माझ्या तोंडून लगेच मामाचं नाव निघालं. त्याच्याइतका आवाज आणखी कोणाचा होता?

मामा मुलाखतीला स्वतःचा जुना कर्णा घेऊन आला. थिएटर बंद झाल्यापासून त्यात आमची कोंबडी अंडी घालायची. तिला हुसकून, आतला कचरा झाडून, पत्रा घासूनपुसून त्याने तो चकचकीत केला होता. "ऐकवा," असं उंच बाईने म्हणायचा अवकाश, मामाने छाती भरून घेतली. "आज शेवटची सूचना! समुद्रातून थेट तुमच्या दारात, हवा आणि पाणी यांचा जबरदस्त खेळ! आज चुकलात तर जन्मभर हळहळाल!" समोरच्या औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं रस्त्यावर आली. उंच बाई खळखळून हसली.

"आपला आवाज समुद्रापर्यंत जाईल," ती म्हणाली.

"जाऊन परत पण येईल, बाई," मामा म्हणाला.

त्याला नोकरी लागली म्हणून मी घरी जाताना केळी घेऊन गेले. मामी जाकिटाची बाही आत घेत बसली होती, कारण ते मामाला ढगळ होत होतं.

"वादळाची जाहिरात करणार म्हणे," ती दातांत दोरा धरून म्हणाली. "मग झालंच. आता वादळाला कोणी घाबरायचं नाही."

आणि तसंच झालं. पहिल्या सरावाला मामा तीन झेंडे खांद्यावर टाकून गल्लीत शिरला, "शेवटची सूचना!" अशी त्याची आरोळी उठली, आणि घराघरांतून माणसं बाहेर आली. बाहेर आली ती निवाऱ्याकडे जायला नाही, ऐकायला. बायका कडेवर मुलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. चहावाल्याने बाक पुढे ओढला.

"कर्णामामा, कुठला पिक्चर?" तो ओरडला.

"वादळ!" मामा ओरडला.

"रडका आहे का?"

"रुमाल घरून आणा!"

गल्ली हसून लोटपोट. जे थोडेफार निवाऱ्यापर्यंत गेले ते मामाच्या मागे मागे, मिरवणुकीत चालल्यासारखे गेले. उंच बाईने संध्याकाळी त्याला बाजूला घेतलं.

"कर्णामामा, थोडे कमी."

"आवाज कमी?"

"आवाज नाही. मजा कमी."

मामाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याला श्वास कमी घ्यायला सांगितलं होतं. "प्रयत्न करतो, बाई," तो म्हणाला. पुढच्या सरावाला त्याने खरंच प्रयत्न केला. पहिली दोन घरं तो गंभीर राहिला. तिसऱ्या घरापाशी एका म्हातारीने विचारलं, "बरं नाही का रे तुला?" आणि पठ्ठ्याचा धीर सुटला.

मला हसू यायचं, पण काळजीही वाटायची. खरं वादळ येईल त्या दिवशी ही गल्ली अशीच हसत दारात उभी राहिली तर? आणि मामीचं काय? ती तर दारातसुद्धा येत नव्हती. प्रत्येक सरावाला आतून तिच्या मशीनचा आवाज चालूच.

"मामी, एकदा तरी चल," मी तिच्या विनवण्या केल्या.

"खरं असेल तेव्हा बघू."

"पण खरं आहे हे तुला कळणार कसं?"

"ह्यांच्याकडून तर नक्कीच नाही," मामी म्हणाली.

मग पैसे देणाऱ्या देशातून पाहुणे येणार असं पत्र आलं. त्यांना सराव बघायचा होता आणि सोबत कॅमेरावालीही येणार होती. त्या आठवड्यात समुद्रात एक वादळ फिरत होतं, पण ते दूरच्या किनाऱ्याकडे चाललंय असं हवामान खातं म्हणत होतं. आमच्या खांबावर एकच झेंडा होता आणि ऊन स्वच्छ पडलं होतं.

मामा उजाडल्यापासून सज्ज. भांग पाडलेला, जाकिटाला इस्त्री. पाहुणे उतरले आणि त्याने जी सुरुवात केली, ती काही विचारू नका. पाहुण्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी ते टाळ्या वाजवत होते. टाळ्या ऐकल्यावर मामा थांबतो थोडाच? कॅमेरावालीने खूण केली की ऊन चुकीच्या बाजूला आहे, पुन्हा करा. मामाने पुन्हा केलं. मग झेंडे वाऱ्यावर नीट उडाले नाहीत म्हणून पुन्हा. मग मासळीबाजारातले लोक म्हणाले आमच्याकडे कुठे झालं, म्हणून तिकडे जाऊन पुन्हा. उंच बाई दोनदा म्हणाली, "आता पुरे, आपला घसा." मामाने हात उडवला. "बाई, ह्या घशाने थिएटर चालवलंय!"

सगळी वस्ती निवाऱ्यात गेली, कारण तिथे बिस्किटं वाटणार होते आणि आपण परदेशात दिसणार होतो. मामी गेली नाही. "मला दिसायचं नाही परदेशात," ती म्हणाली आणि काजं करत बसली.

संध्याकाळी मामा घरी आला, खाटेवर टेकला आणि त्याने पाणी मागितलं. म्हणजे ओठ हलले, बाहेर आली ती फक्त हवा. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

"काय?" मामीने विचारलं. लग्नानंतर हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला असेल.

आम्ही दोघी खूप हसलो. मामा चिडून हातवारे करू लागला तसं आम्हाला आणखीच हसू फुटलं. मामीने मिठाचं गरम पाणी दिलं, गळ्याला फडकं गुंडाळलं आणि समाधानाने म्हणाली, "परदेशातले लोक खरंच फार मदत करतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात निरोप आला. वादळ वळलं होतं आणि सरळ आमच्याकडे येत होतं. दहाच्या सुमाराला दुसरा झेंडा लागला आणि दुपार व्हायच्या आत तिसरा. बाहेर पानही हलत नव्हतं. बांधावर बगळे नेहमीसारखे उभे होते. कोण विश्वास ठेवणार?

उंच बाई पलीकडच्या वस्त्यांकडे धावली. आमच्या गल्लीत भोंगा घेऊन मी शिरले. "तीन झेंडे लागलेत! निवाऱ्यात चला! हे खरं आहे!" माझा आवाज मलाच पोरकट वाटत होता.

"काल झालं की गं!" एकजण म्हणाला.

"पाहुणे परत आले का?"

"आज पण बिस्किटं आहेत?" चहावाल्याच्या पोरीने विचारलं.

मी शपथा घातल्या, हात धरून ओढलं, रडकुंडीला आले. लोक प्रेमाने हसत होते. कर्ण्याचीच भाची, असं म्हणत होते. मी भोंगा घेऊन ऑफिसकडे परत पळाले. मामा तिथे गळ्याभोवती फडकं गुंडाळून बसला होता. मी भोंगा त्याच्या हातात दिला. त्याने तो तोंडाला लावला, मान ताणली, शिरा फुगवल्या. भोंग्यातून नुसती खरखर आली.

मामाने भोंगा टेबलावर ठेवला. त्याने माईक आपण होऊन खाली ठेवलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग त्याने झेंड्यांची काठी उचलली आणि चालू लागला. मी मागे मागे.

चहावाल्याने लांबूनच हाळी दिली, "या, कर्णामामा! आज कुठला पिक्चर?"

मामा टपरीसमोर थांबला. त्याने काठी उंच धरली. टपरीच्या बाकावर चहावाल्याचे म्हातारे वडील पाय वर घेऊन बसले होते. मामा खाली वाकला, त्यांच्या चपला उचलल्या आणि वळवून, निवाऱ्याकडे तोंड करून, त्यांच्यासमोर ठेवल्या. मग तो चहावाल्याकडे बघत राहिला.

चहावाल्याचं हसू ओसरलं. "मामा, बोला की काहीतरी."

मामाने मान हलवली.

"थट्टा नका करू हो."

मामा तसाच उभा. त्याच्या चेहऱ्यावर मिश्कीलपणाचा मागमूस नव्हता. चहावाला एकदा झेंड्यांकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होता. मग एकदम वळून त्याने चहाचं उकळतं आधण शेगडीत ओतलं आणि आत बायकोला हाक मारली, "पोरांना घे! कर्णामामा बोलत नाहीयेत!"

ते वाक्य गल्लीत माझ्या भोंग्याहून जोरात पळालं. "कर्णामामा बोलत नाहीयेत!" "गप्प आहेत?" "एक शब्द नाही!" माणसं दारात आली, त्यांनी खालच्या मानेने चालणारा मामा पाहिला आणि ती आत वळली ती गाठोडी बांधायला. ज्या म्हातारीने त्याला बरं नाही का म्हणून विचारलं होतं, ती कोंबडी बगलेत मारून सगळ्यांच्या पुढे निघाली. एका बाईने माझा दंड धरला. "काय झालं गं मामाला?" घसा बसलाय, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी जीभ चावली आणि म्हणाले, "मावशी, चला."

गल्ली रिकामी होत आली आणि आम्ही आमच्या घरापाशी पोचलो. आत मशीन चालू होतं.

मामीने वर पाहिलं. तिने मामाचं तोंड बघितलं, झेंडे बघितले, आणि परत कापडाकडे वळली.

"गल्लीला फसवा," ती म्हणाली. "काल रात्री मिठाचं पाणी मी दिलंय. तुम्ही का बोलत नाही ते मला माहीत आहे."

आता काय करायचं? हे मशीन आल्यापासून मामा या दारात उभा राहून ओरडत आला होता, मशीन सोड, मशीन दुसरं येईल. आज त्याला ओरडता येत नव्हतं. त्याने झेंडे भिंतीला टेकवले, तो गुडघ्यांवर बसला आणि मशीनच्या खाली डोकं घालून स्क्रू शोधू लागला. मशीनचा वरचा भाग लाकडी फळीपासून सोडवायला. त्या मशीनला त्याने आजवर बोट लावलं नव्हतं. तो भलताच स्क्रू पिळत होता.

मामीचे पाय थांबले. ती वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"तो नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली. "डावीकडचा." आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "सरका. मला करू द्या."

आम्ही तो वरचा भाग बर्फातल्या कोटात गुंडाळला. एक शेवटचा कोट मामीने पेटीच्या तळाशी जपून ठेवला होता. मामाने ते जड गाठोडं खांद्यावर घेतलं. मग झेंडे कोण धरणार? मामीने धरले. तीन लाल झेंडे उंच धरून ती पुढे, मशीन घेऊन मामा मागे, आणि सगळ्यात शेवटी कोंबडी घेऊन मी. उतारावर चढताना मानेला वाऱ्याची पहिली थंड झुळूक लागली.

निवारा खचाखच भरला होता. खाली गुरं, वर माणसं, मधल्या पायऱ्यांवर शेळ्या. उंच बाई मोठं सामान हलवून म्हाताऱ्यांना जागा करून देत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "आपण सुखरूप आहात ना?" चार वाजता झडपा बंद केल्या आणि थोड्याच वेळात वादळ अंगावर आलं. झडपा आदळायला लागल्या, इमारतीच्या खांबांत घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. पोरं रडायला लागली आणि त्यांना गप्प करता करता आयाही रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, बांध गेला वाटतं.

मामी मशीनला टेकून बसली होती. तिने मामाच्या बाहीला ओढलं.

"बोला काहीतरी."

मामाने घशाकडे बोट दाखवलं.

"माहीत आहे. माझ्या कानात बोला," मामी म्हणाली. "भीती वाटतेय मला."

मामा तिच्या कानाशी वाकला. मी शेजारीच होते, मला काही ऐकू आलं नाही. ती ऐकत होती आणि ओठ घट्ट मिटत होती, हसू दाबताना मिटते तसे.

"काय म्हणतायत?" चहावाल्याच्या बायकोने विचारलं. "काय म्हणतायत मामा?" पलीकडूनही माना वळल्या.

मामीने इकडे तिकडे पाहिलं. मग चार माणसांत कधी तोंड न उघडणारी माझी मामी उठून उभी राहिली, मशीनवर एक हात ठेवला आणि आपल्या बारीक आवाजात म्हणाली, "म्हणतायत... आज शेवटचा दिवस."

मग चहावाल्याचे म्हातारे वडील खी खी करून हसले आणि ते हसू लागताच सगळा हॉल फुटला.

"आज शेवटचे दोन खेळ!" मामी म्हणाली, आता जरा मोठ्याने. मामा खालून कुजबुजत होता आणि ती सांगत होती. "आज चुकलात तर जन्मभर हळहळाल!" वारा झडपांवर धडका देत होता आणि पोरं "पुढे! पुढे!" करत होती. काही वेळाने मला दिसलं की मामाचे ओठ हलायचे थांबलेत. तो तोंड वर करून तिच्याकडे बघत बसला होता आणि मामी एकटीच बोलत होती. जुने पिक्चर, त्यांची नावं, कुठल्या पिक्चरला तो काय ओरडायचा ते सगळं, एकही शब्द न चुकता. रुमालापाशी आली तेव्हा अख्खा हॉल तिच्याबरोबर ओरडला, आणि उंच बाई सगळ्यात जोरात.

ती खाली बसली तेव्हा मी विचारलं, "मामी, तुला हे पाठ कसं?"

"इतकी वर्षं ऐकतेय," ती घाम पुसत म्हणाली. "कान काय मिटता येतात?"

सकाळी झडपा उघडल्या. बांध खरंच फुटला होता. गल्लीत कमरेएवढं पाणी होतं, चहाची टपरी उलटी होऊन चिंचेच्या झाडात अडकली होती आणि आमच्या घरावरचे पत्रे कुठे गेले याचा पत्ता नव्हता. पण गल्लीतलं एकही माणूस कमी नव्हतं. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत हॉलभर फिरले आणि शेवटी उंच बाईच्या गळ्यात पडून रडले. ती मला थोपटत पुस्तकातलं काहीतरी म्हणत होती, ते मला अजिबात समजलं नाही.

पाणी ओसरल्यावर उंच बाईने वस्तीची सभा घेतली. या वेळी लोक कशामुळे आले, तिने विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: कर्णामामा गप्प झाले. आतापर्यंत घसा बसल्याची गोष्ट सगळ्यांना कळली होती आणि मामाची भरपूर चेष्टाही झाली होती, तरी चहावाला उठून म्हणाला, "ते असू दे. बाई, आता असंच ठेवा. एक झेंडा, दोन झेंडे, मामांना काय बोलायचं ते बोलू दे. तिसरा झेंडा लागला की मामांनी तोंड मिटायचं. आम्ही समजून घेऊ." उंच बाईने मामाकडे पाहिलं. मामाने मान डोलावली. मग तिने ते खरंच नियमांत घातलं, आणि आजही आमच्या वस्तीत तोच नियम आहे.

"मग एक काम करा," मागून मामी म्हणाली. "तिसरा झेंडा आमच्या घरावर कायमचाच लावून टाका."

यावर जो हशा झाला त्यात मामाही होता, पण त्याचं हसणं अजून नुसतं हवेचं होतं.

आवाज परत आला तो दोन-चार दिवसांनी. मदतीतून नवे पत्रे आले होते आणि दोन माणसं आमच्या छपरावर चढली होती. मी आत मामीला मशीन पुन्हा फळीवर बसवायला मदत करत होते. कापड लावून तिने एक शिवण घालून पाहिली, ती वाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी.

"मशीन बिघडलं का गं?" मी विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे," मामी म्हणाली. "घर इतकं शांत असलं की मला शिवता येत नाही."

तेवढ्यात अंगणातून आरोळी आली. आधी फाटकी, मग भरदार. "अरे, डावीकडचा पत्रा वर घ्या! वर! आज शेवटची संधी!" शेजारच्या घरातून कोणीतरी "काय म्हणाला?" असं विचारलं. मामीने मान वर केली नाही. तिने पाय पायडलवर ठेवला आणि शिवण सरळ निघाली.